वणवा आणि लोकशिक्षण

माघ सरून फाल्गुन लागला की धारवाडच्या पश्चिमेकडील रानाचे रूप पालटू लागते. सागाची रुंद पाने गळून जमिनीवर त्यांचा थर साचतो, गवत पिवळे पडते, ओढ्यांतील पाणी डबक्यांपुरते उरते. अशा दिवसांत कलघटगीवरून यल्लापूरकडे, किंवा अळणावरवरून हल्याळकडे रात्रीचा प्रवास करणाऱ्यास कधी कधी दूरच्या डोंगरावर एक तांबडी, वाकडीतिकडी रेघ हळूहळू सरकताना दिसते. नवख्या माणसाला ते दृश्य मोठे मनोहर वाटते. कोठे जत्रा भरली असावी आणि मशाली घेऊन माणसे चालली असावीत, असा भास होतो. परंतु ती जत्रा नव्हे, तो वणवा होय. आणि ती रेघ जेथून सरकून गेली तेथे काय उरले, हे दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिले म्हणजे मनोहरपणाचा भ्रम राहत नाही.

आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत वणव्याचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. शिक्षण, वसतिगृह, गरिबांस मदत, औषधपाणी हे धर्मादाय संस्थेचे नेहमीचे विषय. रान हे सरकारचे, आणि रानातील आग ही वनखात्याची चिंता, असे आपण शहरातील लोक समजून चालतो. परंतु आपल्या घरातील नळ सोडून पाहावा. मलप्रभा नदी खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या रानात उगम पावते. तिचे पाणी सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात साठते आणि तेथून हुबळी-धारवाडच्या घरांत येते. हुबळीला पाणी पुरविणारे नीरसागर कलघटगी तालुक्यात आहे. धारवाडातच उगम पावलेली शाल्मला पुढे रानातून बेडती नदीला मिळते, आणि तीच नदी गंगावळी ह्या नावाने अंकोल्याकडे समुद्रास जाते. रानातील जमीन पावसाचे पाणी जितके धरून ठेवील तितके ते ओढ्यांतून, नद्यांतून सावकाश आपल्याकडे येईल. तेव्हा खानापूर-कलघटगीच्या रानातील पालापाचोळा आणि आपल्या स्वयंपाकघरातील हंडा ह्यांचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही.

वणव्याचे स्वरूप

आग पेटण्यास तीन गोष्टी लागतात: जळण, हवा आणि उष्णता. ह्यांपैकी एक काढून घेतली की आग विझते. चुलीचा हा नियम रानालाही तसाच लागू आहे. रानातील आगीचे मुख्यतः तीन प्रकार सांगतात. जमिनीवरचा पाला व गवत जाळीत जाणारी आग हा पहिला प्रकार. झाडांच्या शेंड्यांवरून धावणारी आग हा दुसरा. ती थंड प्रदेशांतील देवदार-चीडसारख्या वृक्षांच्या रानांत अधिक दिसते. जमिनीच्या आत कुजलेल्या थरात धुमसत राहणारी आग हा तिसरा. आपल्या बाजूच्या पानगळीच्या रानांत बहुतेक वणवे पहिल्या प्रकारचे असतात. ही आग चढावर वेगाने धावते, कारण खालच्या ज्वाळेने वरचे गवत आधीच तापून तयार झालेले असते. दुपारी वारा सुटला म्हणजे तिचा वेग आणखी वाढतो.

मोठी झाडे अशा आगीत बहुधा मरत नाहीत. म्हणून वणवा विझल्यावर "काही फारसे जळले नाही" असे पाहणारा म्हणतो. जे जळाले ते त्याच्या नजरेत येत नाही. कंबरेएवढी वाढलेली रोपे जातात, म्हणजे पुढील पिढीचे रान जाते. जमिनीवर अंडी घालणाऱ्या रानकोंबडीसारख्या पक्ष्यांची घरटी जातात. कासवासारखा संथ प्राणी पळू शकत नाही. मोठ्या झाडाची साल बुंध्याशी भाजून तडकते, आणि त्या जखमेतून वाळवी व बुरशी आत शिरते. सर्वांत मोठी हानी जमिनीची होते. वर्षानुवर्षे पाने कुजून जो मऊ, काळसर थर तयार झालेला असतो, तो पाणी शोषून धरतो. तो जळाला की उघडी, भाजलेली जमीन पहिल्या वळवात धुपते आणि पाणी न थांबता निघून जाते. राखेमुळे खत मिळते, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. नत्राचा बराच भाग धुरावाटे हवेत जातो, आणि उरलेल्या राखेपैकी पुष्कळशी उतारावरून वाहून जाते.

कधी कधी हीच आग हाताबाहेर जाते. आपल्या राज्यातील बंडीपूरच्या रानात २०१७ च्या फेब्रुवारीत आग विझविताना एका तरुण वनरक्षकाचा मृत्यू झाला. त्याच रानात २०१९ च्या फेब्रुवारीत लागलेल्या वणव्यात दहा हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळाले, आणि शेवटी वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी वरून पाणी टाकावे लागले. तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरावर ११ मार्च २०१८ रोजी वाळलेल्या गवताला लागलेल्या आगीत सहलीस गेलेली मंडळी सापडली आणि वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली.

आग लावतो कोण?

बांबू एकमेकांवर घासून वणवा लागतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या रानांत निसर्गतः आग लागणे फार विरळ. वीज पडते ती बहुधा वळवाबरोबर, म्हणजे पाणीही सोबत घेऊन. जवळजवळ सर्व वणवे माणसाच्या हातून लागतात. मात्र "माणूस" एवढे म्हणून भागत नाही. कोणता माणूस, आणि कशासाठी, हे पाहिले पाहिजे.

कोणी विडीचे थोटूक विझविल्याशिवाय टाकतो. सहलीची मंडळी तीन दगडांची चूल मांडतात आणि निखारे तसेच सोडून मोटारीत बसतात. मध काढणारा धुरासाठी पेटविलेला पलिता खाली टाकतो. शेतकरी बांधावरचा कचरा जाळतो आणि वारा ती आग रानात नेतो. विदर्भात मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालची जमीन साफ व्हावी म्हणून पाला पेटवितात, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणूनही आग लावतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, आणि आपल्याकडेही, पुढले गवत चांगले यावे म्हणून जुने गवत जाळतात. वाटेवरचे साप दूर व्हावेत, गुरांवरच्या गोचिडी मराव्यात म्हणूनही जाळतात. गोचिडींचे भय वावगे म्हणता येत नाही. शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात १९५७ साली ओळखू आलेला माकडताप गोचिडीमुळेच पसरतो, आणि उत्तर कन्नड जिल्ह्यालाही तो ठाऊक आहे. काही आगी शिकारीसाठी, काही निव्वळ सूडबुद्धीनेही लागतात.

ही यादी पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. निष्काळजीपणाची आग निराळी आणि हेतूची आग निराळी. पहिलीला सावधगिरीची सूचना पुरते. दुसरीला ती पुरत नाही. कारण तेथे आग लावणाऱ्याला आपण काय करतो ते ठाऊक असते आणि त्याला त्यात आपला लाभ दिसतो.

खाते, कायदा आणि रयत

वणव्यास आळा घालण्याचे शास्त्र आपल्या देशात जुने आहे. मध्य प्रांतातील बोरीच्या रानात १८६० नंतरच्या दशकात आगीपासून संरक्षणाचे पहिले प्रयोग झाले. रानात ठराविक रुंदीचे पट्टे साफ करून ठेवावयाचे, म्हणजे एका बाजूची आग दुसऱ्या बाजूस जाणार नाही. ह्या पट्ट्यांना मराठीत जाळरेषा म्हणतात. उन्हाळा लागण्यापूर्वी, गवतावर अजून दंव असताना, त्या पट्ट्यांतले गवत ताब्यात ठेवून जाळतात अथवा कापतात. उन्हाळ्यात टेहळणीस माणसे नेमतात. आग लागली की हिरव्या फांद्यांनी झोडपून ती विझवितात. अलीकडे पाला उडविणारी ब्लोअर यंत्रेही आली आहेत. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या साहाय्याने आगीची ठिकाणे कळविते, आणि आज ती सूचना नोंद केलेल्या भ्रमणध्वनीवर येते. ह्याच संस्थेच्या अनुमानाप्रमाणे देशातील सुमारे ३६ टक्के वनक्षेत्राला वारंवार वणवे लागण्याचा धोका आहे.

ही साधने मोलाची आहेत. पण उपग्रहाला आग दिसते ती लागल्यावर. काडी ओढण्यापूर्वी जो क्षण असतो, त्या क्षणी तेथे खाते नसते. तेथे असते ती केवळ त्या माणसाची समज.

ती समज घडविण्याचे काम आपण बराच काळ कायद्यावर सोपविले. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव रानात आग लावणे हा गुन्हा आहे, आणि कलम ७९ प्रमाणे रानात हक्क असणाऱ्यांनी आग विझविण्यास मदत करणे हे कर्तव्य आहे. परंतु त्याच कलम २६ मध्ये आणखी एक तरतूद आहे. बुद्धिपुरस्सर अथवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर त्या रानातील चराईचे व वनउपजाचे सर्वांचे हक्क सरकारला स्थगित करता येतात. कर्नाटकाने पुढे १९६३ साली स्वतःचा वन कायदा केला, तरी एकाच्या चुकीची शिक्षा साऱ्या गावाला, ही धास्ती रयतेच्या मनात पूर्वीपासून बसलेली होती. अशा वेळी आग कोणी लावली हे गाव सांगत नाही. आणि विझविण्यास धावणाराही "आपल्यावरच आळ येईल" म्हणून घरी बसतो. १९३० साली पुसद, बिळाशी, चिरनेर येथे आणि आपल्या कारवार जिल्ह्यातही लोकांनी जंगल सत्याग्रह केले, ते रान आपल्यापासून हिरावले गेले ह्या भावनेतून. रान "सरकारचे" झाले म्हणजे त्यातली आगही सरकारचीच होते. लोकशिक्षणाला ज्या जमिनीवर पेरणी करावयाची आहे, ती ही अशी आहे.

एक फलक आणि एक प्रश्न

येथे एक स्वतःचा अनुभव सांगतो. त्यात माझी फजितीच अधिक आहे, पण शिक्षकाने फजितीही सांगावी.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी आठवीच्या मुलांना घेऊन कलघटगीच्या पुढे रानाच्या कडेला असलेल्या एका गवळीवाड्यावर गेलो होतो. मुलांनी आठवडाभर खपून फलक रंगविले होते. "रानाला आग लावू नका", "वणवा टाळा, रान सांभाळा" अशी वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहिली होती. सर्वांत पुढे फलक धरून चालत होता तो त्याच वाड्यावरचा, वसतिगृहात राहून शिकणारा एक मुलगा. आपल्या घरच्यांना आपण काही नवे शिकवीत आहो, ह्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता.

वाड्यासमोर त्याचे आजोबा बसले होते. त्यांनी आम्हांला पाणी दिले, मुलांना ताक दिले आणि फलक वाचून दाखवावयास सांगितले, कारण त्यांना वाचता येत नव्हते. नातवाने वाचून दाखविले. म्हातारबाबा हसले आणि म्हणाले, "मास्तर, आग लावू नका म्हणतासा, बरं हाय. पण जुनं गवत वाळून काडी हुतंय, म्हस त्याला तोंड लावत न्हाई. जाळलं म्हंजे कवळं फुटतंय. न्हाई जाळलं तर आमच्या म्हशींनी उन्हाळ्यात खायाचं काय, ते फळीवर लिवलंय का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुले माझ्याकडे पाहू लागली. तो मुलगा खाली मान घालून उभा राहिला, आणि थोड्या वेळाने त्याने हातातला फलक भिंतीला टेकवून ठेवला. परतताना तो माझ्याजवळ येऊन हलकेच म्हणाला, "सर, आजोबा खोटं नाही बोलले." त्याचा आजोबा आणि त्याचा शिक्षक ह्या दोघांत त्याला निवड करावयास लावण्याचे पाप माझ्या हातून घडले होते.

दुसऱ्या खेपेला मी फलक नेले नाहीत. त्याच म्हातारबाबांना विचारले, "तुमच्या लहानपणी हे रान कसे होते?" ते बराच वेळ बोलले. पूर्वी ह्या उतारावर बारीक गवत होते, मध्ये मध्ये चाऱ्याची झाडे होती. रानमोडी नव्हती, घाणेरीही इतकी नव्हती. आता जळलेल्या जागी तीच पहिली उठते आणि म्हशी तिला शिवत नाहीत. हे मी सांगितले नव्हते, त्यांनी सांगितले. रानमोडी केवळ आगीमुळेच पसरली असे नव्हे. पण वारंवारच्या आगीने तिला जागा मोकळी मिळते, हे खरे. पहिल्या पंधरा दिवसांचा कोवळा चारा आणि वीस वर्षांचा चारा ह्यांचा हिशेब त्यांच्याच बोलण्यातून आमच्यापुढे आला. मग चर्चा चारा साठविण्यावर वळली. गवत काडी होण्यापूर्वी, मार्गशीर्षाच्या सुमारास, कापून वाळवून ठेवले तर? आणि जाळरेषेवरचे गवत जाळण्याऐवजी खात्याच्या परवानगीने कापून नेता आले तर रेषाही साफ होईल आणि गोठ्यात चाराही येईल.

पुढील वर्षी तीन कुटुंबांनी परवानगी घेऊन तसे केले. त्या उन्हाळ्यात ती बाजू जळाली नाही. हे आमच्यामुळे झाले असा दावा मी करीत नाही. एका उन्हाळ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण म्हातारबाबांच्या प्रश्नाचे उत्तर फलकावर लिहिता येईल, इतपत आम्ही शिकलो.

इतरांचे अनुभव

वणवा-प्रतिबंधाचा सर्वांत गाजलेला प्रचार अमेरिकेतला. तेथील वनखात्याने १९४४ साली टोपी घातलेल्या एका अस्वलाचे चित्र काढून त्यास स्मोकी असे नाव दिले. १९५० साली न्यू मेक्सिकोतील वणव्यात भाजलेले एक अस्वलाचे पिल्लू सापडले. तेच पुढे जिवंत स्मोकी म्हणून वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवले गेले. "वणवा तूच टाळू शकतोस" ह्या आशयाचा त्याचा संदेश पोराबाळांच्या तोंडी बसला. सहलीकरूंच्या निष्काळजीपणाला अशा चित्राने आळा बसतो, ह्यात शंका नाही.

पण त्या प्रचाराची दुसरी बाजूही तेथल्याच जाणत्यांनी पुढे मांडली. दिसेल ती आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापूर्वी आटोक्यात आलीच पाहिजे, असे धोरण तेथे १९३५ पासून होते. परिणामी रानात जळण साचत गेले आणि पुढे लागलेल्या आगी अधिक भयंकर झाल्या. १९७० नंतरच्या दशकात त्यांना हे धोरण बदलावे लागले. आपल्याकडे चामराजनगर जिल्ह्यातील बिळिगिरी रंगन बेट्टाच्या रानात सोलिग लोक थंडीच्या अखेरीस पाल्याची हलकी आग लावीत, तिला ते "तरगु बेंकी" म्हणत. १९७४ साली तेथे अभयारण्य झाले आणि ही रीत बंद पडली. घाणेरी माजली ती ह्यामुळे, असे सोलिग सांगतात, आणि अभ्यासकांनीही त्या म्हणण्याची दखल घेतली आहे. ह्याचा अर्थ कोणीही उठून काडी लावावी असा नव्हे. वेळ, जागा आणि हात ठरलेली आग निराळी, आणि चैत्रातल्या दुपारची मोकाट आग निराळी. पण शिकविणाऱ्याने शिकण्याचीही तयारी ठेवावी, हे त्यातून दिसते.

लोकांच्या बोलीत लोकांना हलविणारे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये शिरसी तालुक्यातील साल्कणीच्या ग्रामस्थांनी कळसेच्या रानात झाडांना मिठ्या मारून तोड थांबविली. तीच अप्पिको चळवळ. पांडुरंग हेगडे प्रभृती कार्यकर्त्यांनी तिचा प्रसार केला तो पदयात्रा, लोकनृत्ये, पथनाट्ये आणि पडद्यावरची चित्रे ह्यांच्या द्वारे. "उळिसु, बेळेसु, बळसु", म्हणजे राखा, वाढवा, वापरा, हे तिचे ब्रीद. त्यात "वापरा" हा शब्द आहे, म्हणून ते ब्रीद शेतकऱ्याला परके वाटले नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावची गोष्टही अशीच. वनहक्क कायद्याखाली २०१२ साली त्या गावास सामूहिक हक्क मिळाले. तेंदूपानांसाठी झाडे छाटावी लागतात आणि रानाला आगी लागतात, म्हणून ग्रामसभेने तेंदूचे उत्पन्न आपण होऊन सोडले व बांबूवर भर दिला. ज्या कामासाठी वर्षानुवर्षे फलक लावले गेले, ते काम रान "आपले" होताच गावाने स्वतः ठरविले.

कोणाला, कोणत्या भाषेत, कोणत्या महिन्यात

आता आपल्या भागाकडे वळू. हल्याळ, मुंडगोड, यल्लापूर, कलघटगी ह्या तालुक्यांच्या रानकडेला गवळ्यांचे वाडे आहेत. त्यांची घरातली बोली मराठीच्या जवळची. हल्याळकडे मराठी बोलणारा शेतकरीवर्ग मोठा आहे. जोयड्याकडे कुणबी आहेत. सिद्दी लोक हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांत आहेत, आणि घरी कोकणी, मराठी, उर्दू अशा निरनिराळ्या बोली बोलतात. रस्त्यावरचा फलक बहुधा कन्नडमध्ये, क्वचित इंग्रजीत असतो. राज्याची भाषा ती असल्याने तसे असणे योग्यच आहे, आणि मुले शाळेत ती शिकतात. पण गुरे राखणारा म्हातारा फलक वाचीत नाही. कन्नड फलकही वाचीत नाही आणि मराठीही वाचणार नाही. त्याच्यापर्यंत जावयाचे तर कानावाटे आणि त्याच्या घरच्या बोलीत गेले पाहिजे.

त्यासाठी साधनांची वाण नाही. धारवाडचे आकाशवाणी केंद्र ८ जानेवारी १९५० पासून ह्या भागाच्या शेतकऱ्यांच्या कानाशी आहे. गवळी मंडळी दसऱ्यास शिलंगणाला एकत्र जमतात आणि नाचतात. सिद्दींचा दमाम वाजू लागला की वाड्यातली लहानथोर माणसे भोवती येतात. कीर्तनकार तुकोबांचा आधार घेऊन झाडांशी सोयरीक सांगतो. आमच्या मशिदीत जुम्याच्या प्रवचनात, रोप लावून त्याचे फळ माणसाने वा पाखराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या नावे दान ठरते, ही पैगंबरसाहेबांची शिकवण सांगितली जाते. तिला जोडूनच लावलेले रोप जाळू नये हेही सांगता येईल. शाळेतील मुलगा आजोबांचे बोलणे भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून पाच वाड्यांवर पाठवू शकतो. आजोबांचा आवाज ओळखीचा असतो, म्हणून तो ऐकला जातो.

साधनाइतकेच महत्त्व वेळेला आहे. १९५० साली कन्हैयालाल मुनशी ह्यांनी सुरू केलेला वनमहोत्सव आपण दर जुलैत साजरा करतो, रोपे लावतो, छायाचित्रे काढतो. त्या रोपाची खरी परीक्षा मार्चमध्ये असते आणि तेव्हा आपण परीक्षांच्या गडबडीत असतो. म्हणून वर्षाची आखणी अशी असावी: दसऱ्याला आठवण, मार्गशीर्षात चाराकापणी, पौषात खात्याबरोबर जाळरेषांची साफसफाई, माघापासून टेहळणी आणि सहलीकरूंना सूचना, आणि पावसाळ्याच्या तोंडी काय जळाले, काय वाचले ह्याची गावाबरोबर मोजदाद. १९९३ पासून कर्नाटकात ग्राम अरण्य समित्यांची योजना आहे. जेथे समिती नांदती आहे तेथे ही आखणी तिच्यामार्फत व्हावी. जेथे ती कागदावर आहे तेथे शाळेने तिला जागे करावे.

आपल्याकडून काय व्हावे

आपल्या संस्थेच्या वसतिगृहात रानकडेच्या गावांतली मुले राहून शिकतात. शहराला जे शिकवावयाचे आणि रानाला जे सांगावयाचे, त्या दोहोंमधला पूल ती मुलेच आहेत. महोत्सवाच्या निमित्ताने तीन लहान कामे संस्थेने हाती घ्यावीत, असे नम्रपणे सुचवितो. पहिले, सुटीत घरी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वडीलधाऱ्यांना रानाविषयी, आगीविषयी विचारून ते लिहून आणावे आणि त्याचा संग्रह करावा. दुसरे, चारा कापून साठविणाऱ्या गरीब कुटुंबांना विळे, दोर आणि गवताच्या गंजीवर घालण्याचे आच्छादन द्यावे. आपल्या दानशूर सभासदांना हा खर्च जड नाही. तिसरे, आग विझविताना कोणी भाजला वा दगावला, तो खात्याचा असो की गावचा, तर त्याच्या घरच्यांना तातडीची मदत संस्थेच्या निधीतून मिळावी. आग विझविणाऱ्यावर आळ येत नाही, उलट त्याची कदर होते, हे गावाला ह्याहून चांगल्या रीतीने शिकविता येणार नाही.

तो मुलगा आता महाविद्यालयात शिकतो. गेल्या उन्हाळ्यात तो भेटावयास आला तेव्हा मी त्याला जुना फलक दाखविला. तो अजून शाळेच्या कपाटामागे आहे. त्याने तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर खडूने लिहिले, "गवत कधी कापायचे ते येथे विचारा." खाली त्याने आजोबांचे नाव घातले. तो फलक यंदा दसऱ्याला त्या वाड्यावर लावावयाचा आहे.